नाव फेंडर, नंबर सी ७७

जळगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रावेर-यावलच्या केळीबागांतून जळालेल्या पंपाच्या मोटारी येतात आणि मे महिन्यात तर दुकानाबाहेर रांगच लागते. कॉलेजात असताना गिटार शिकलो होतो. पुढे हाताला तारेची सवय झाली तसा जुन्या इलेक्ट्रिक गिटारींकडे वळलो, कारण गिटारीचा पिकप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग, शेवटी चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइलच. मोटारीला तार जाड लागते. पिकपला लागते ४२ गेजची, केसाइतकी बारीक, आणि तिचे वेढे आठ हजारांच्या आसपास.

हे आधी सांगतोय कारण अमळनेरच्या त्या घरात मी गेलो तो विकत घेणारा म्हणून, पण बसलो माझ्या दुकानातल्यासारखाच, मल्टिमीटर मांडून.

फोन आला होता गिटारीच्या मालकाच्या मुलाचा. वडील २०१९ मध्ये गेले. ऐंशीच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. खान्देशातल्या यात्रा, लग्नं, गणपती, सगळीकडे. "फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे, १९७७ ची," मुलगा म्हणाला. "नेटवर बघितलं मी. साडेतीन लाखांच्या खाली देणार नाही." मी म्हटलं, आधी बघू द्या. १९७७ हे साल त्याने कुठून काढलं, असं विचारलं तर म्हणाला, मागच्या पत्र्यावर ७७ लिहिलंय. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फेंडर ही अमेरिकन कंपनी, आणि तिच्या त्या काळातल्या गिटारीच्या मागच्या पत्र्यावर साल असं लिहिलेलं नसतं.

सकाळच्या गाडीने निघालो. पाळधी, धरणगाव करत अमळनेरला पोहोचेपर्यंत दहा वाजले आणि ऊन भाजायला लागलं होतं. पिशवीत मल्टिमीटर, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, फूटपट्टी, तारांचा नवा संच, डिजिटल थर्मामीटर आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी. ती बॅटरी सराफ बाजारात ज्यांच्याकडे मशिनं दुरुस्त करायला जातो, त्यांच्याकडून घेतलेली. जुन्यावर नवा रंग चढवला असेल तर तिच्या उजेडात पुष्कळदा दोन रंगांची तकाकी वेगळी दिसते.

दार मुलाच्या आईने, म्हणजे मावशींनी उघडलं. सत्तरीच्या असतील. पाणी दिलं, कुठून आलो, कुणाकडचा, सगळं विचारून घेतलं आणि मग आत जाऊन स्वतः पेटी घेऊन आल्या. मुलाच्या हातात दिली नाही. चौकोनी काळी पेटी, आत लाल मखमल, एका कोपऱ्यात कसरीने खाल्लेली. मखमलीवर कापराच्या वड्या ठेवलेल्या होत्या.

गिटार दिसायला देखणी होती. पिवळसर-तपकिरी सनबर्स्ट, पांढरी प्लेट, तीन पिकप. माथ्यावर, म्हणजे मानेच्या टोकाला चाव्या असतात तिथे, काळ्या रंगावर सोनेरी अक्षरांत फेंडर लिहिलेलं. अक्षरं सुबक, पण एफचा शेपटा जरा जास्तच वळलेला. छापलेलं अक्षर आणि ब्रशने काढलेलं अक्षर यात फरक असतो. ब्रश उचलताना रंग टोकाशी किंचित साचतो. तो मला नुसत्या डोळ्यांनी दिसला, पण लगेच बोललो नाही. एका खुणेवरून भाव करणं मला पटत नाही. किंमत पाडायला टपलेला माणूस एकच दोष धरून बसतो आणि विकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

मी म्हटलं, "मावशी, हिला खोलावं लागेल. तुमच्यासमोर खोलतो, एकेक स्क्रू इथे पांढऱ्या कागदावर ठेवतो. चालेल?"

"खोला भाऊ. जे शे ते सांगा," त्या म्हणाल्या आणि समोर पाटावर बसल्या.

आधी मान. शरीराच्या बाजूने डोळा लावून बोटं दाबायच्या पट्टीच्या कडेने बघितलं तर पीळ नव्हता. सहावी तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या कांबीवर, आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मध्ये सातव्या-आठव्याशी किती फट राहते ते पाहिलं. जाड कागद जेमतेम सरकेल एवढी होती, म्हणजे उत्तम. मानेतला लोखंडी रॉड नट किंचित फिरवून पाहिला, हलका फिरला. तो जाम असता तर मी तिथेच चहा पिऊन परत निघालो असतो. इतर सगळं दुरुस्त करता येतं, पण आत तुटलेला रॉड काढायचा म्हणजे पट्टी उखडावी लागते आणि मग जुन्या गिटारीत जुनं फार थोडं उरतं.

मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला तर फ्रेटची टोकं टोचली. मुलगा म्हणाला, "खराब झालीय का?" नाही. ही आपल्या हवेची करामत. मे महिन्यात खान्देशातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड रुंदीत आकसतं, धातू मात्र तेवढाच राहतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात तीच गिटार पुन्हा गुळगुळीत लागेल. पुण्या-मुंबईचा कुणी हीच गिटार मे महिन्यात बघेल तर दोष म्हणून पैसे कापेल. मी कापले नाहीत. पट्टी शिसवीची, गडद, आपल्या सातपुड्यातल्या शिसवीसारखीच. पण पहिल्या पाच फ्रेटांवर तारांनी खोल चर पाडलेले होते, विशेषतः वरच्या तीन तारांखाली. ते फ्रेट बदलावेच लागणार होते. ते मी बोललो आणि कागदावर लिहिलं.

मग मागचा पत्रा. मानेला धरणारे चार स्क्रू, त्यांच्यामध्ये क्रोमचा चौकोनी पत्रा, त्यावर नंबर. पहिलं अक्षर सी, मग ७७, मग चार आकडे.

इथे मी मुलाला जवळ बोलावलं. १९६५ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत अमेरिकेतल्या फेंडरच्या पत्र्यावर मोठा एफ कोरलेला असे आणि वर नुसते सहा आकडे. १९७६ मध्ये त्यांनी नंबर माथ्यावर नेला, एस अक्षराने सुरू होणारा. महिन्याचं अक्षर, मग सालाचे दोन आकडे, मग चार आकडे, ही पद्धत जपानची. नागोयाची होशिनो गाक्की कंपनी आयबनेझ नावाने गिटारी विकायची, त्या मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात बनायच्या, आणि १९७५ पासून त्यांच्यावर असे नंबर पडत. ए म्हणजे जानेवारी, सी म्हणजे मार्च. ही गिटार मार्च १९७७ ची.

मुलाचा चेहरा उतरला. साडेतीन लाखांचा आकडा त्याने बहुतेक घरात आधीच वाटून टाकला होता. तो म्हणाला, "पत्रा बदलला असेल. वरती नाव तर स्वच्छ लिहिलंय."

शंका रास्त होती. पत्रा चार स्क्रूंचा खेळ, कुणीही बदलू शकतो. म्हणून आत बघावं लागतं. तारा उतरवल्या, प्लेट उघडली. व्हॉल्यूम-टोनच्या पॉटची, म्हणजे बटणांखालच्या फिरत्या भागांची, पाठ बघितली. अमेरिकन पॉटवर कारखान्याचा आकडा असतो, १३७ किंवा ३०४, त्याच्यापुढे साल आणि आठवडा. जुनी अमेरिकन गिटार ओळखायची ही फार भरवशाची खूण, कारण माथ्यावर नाव रंगवणारा पॉटवर आकडे कोरत बसत नाही. इथे तसला एकही आकडा नव्हता. पॉट जपानी, आणि त्यांच्यावरचं सोल्डरिंग कारखान्यातलं, एकदाही न छेडलेलं. कारखान्यातला टाका चकचकीत राहत नाही, चाळीस वर्षांत त्यावर राखाडी साय चढते आणि कडेला मूळ राळेचा पिवळा थेंब तसाच असतो. तो थेंब तीनही पॉटवर होता. म्हणजे ही फेंडर नव्हती, पण आतून कुणी हात न लावलेली होती, आणि जुन्या गिटारीत ही गोष्ट पैशाची असते. तेही मी कागदावर लिहिलं, वाढवायच्या बाजूला.

प्लेट उलटी करताना स्विचच्या खाचेतून काहीतरी कागदावर पडलं. उचलून पाहिलं तर काडेपेटीच्या काडीचा तुकडा, गुल नसलेल्या बाजूचा, एका टोकाला चावून चपटा केलेला.

मावशी एकदम हसल्या. "बिडी पेत नही, सिगरेट पेत नही, मंग घरनी काडेपेटी कथी जास? मी रोज भांडू." त्यांना त्याचं कारण चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. मी सांगितलं. त्या वेळच्या स्विचला तीनच घरं असत, एका वेळी एक पिकप. दोन पिकप एकत्र लावले की आवाज वेगळाच, पोकळ आणि गोड निघतो, पण त्यासाठी स्विच दोन घरांच्या मध्ये अडवून धरावा लागायचा. वाजवणारे तिथे काडी खोचत. पुढे कंपन्यांनीच पाच घरांचे स्विच द्यायला सुरुवात केली. मावशींनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

मग मीटर. पुढचा पिकप ६.३ किलोओहम, मागचा ६.४. मधला ओपन, म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. काटा हललाच नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या पिकपचे आकडे नेटवर वाचून लोक फसतात. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. मोटारीच्या धंद्यात हे आम्हाला पाठ असतं, गरम मोटारीचं वाइंडिंग मोजून कुणी निदान करत नाही. पुस्तकातले आकडे थंड खोलीतले, वीस अंशांच्या आसपासचे. त्या दिवशी त्या खोलीत, पंखा चालू असताना, थर्मामीटर ४१ दाखवत होता. ६.३ चे मी वीस अंशांवर आणले तर ५.८ झाले. या जातीच्या पिकपला शोभणारा आकडा. मी हे गणित मुलाला कागदावर करून दाखवलं. तो विमा कंपनीत काम करतो, आकडे त्याला पटकन समजतात. त्यानंतर त्याचा आवाज बदलला. मी त्याला काहीतरी गंडवायला आलोय, ही शंका बहुतेक तिथे गेली.

राहिलं माथ्यावरचं नाव. मी दार लोटायला सांगितलं आणि मोबाइलचा उजेड माथ्याला अगदी आडवा धरला. समोरून दिसत नाही ते आडव्या उजेडात दिसतं. काळ्या रंगाखाली बारीक उंचवटे होते, एका अक्षराची उभी दांडी, दुसऱ्याचा गोलवा. जांभळी बॅटरी मारली तेव्हा माथा एकदम मेलेला काळा आणि मानेची पाठ मात्र वेगळ्याच तकाकीची. माथा नंतर रंगवलेला होता, यात संशय राहिला नाही.

मावशी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मंग ती खोटी शे का भाऊ?"

त्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. नाव खोटं होतं. पण मात्सुमोतोच्या त्या कारखान्यातल्या सत्तरच्या दशकातल्या गिटारी इतक्या नेटक्या होत्या की अमेरिकन कंपन्यांना त्यांची धास्ती वाटत होती. याच १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबनेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर माथ्याच्या आकारावरून दावा लावला होता. आणि १९८२ मध्ये फेंडरने स्वतः जपानात गिटारी बनवायला घेतल्या, त्या याच फुजिजेनकडून. मी म्हटलं, "मावशी, गिटार अस्सल आहे. तिच्यावर दुसऱ्याचं नाव लिहिलंय, एवढंच."

"त्यास्नी कधी खोटं वाजाडं नही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं, दुखावल्या. पण त्या अल्बम घेऊन आल्या. एका फोटोत लग्नाआधीचे त्यांचे यजमान, बेलबॉटममध्ये, अंगणात खुर्चीवर बसलेले, मांडीवर हीच गिटार. माथा लाकडी, पिवळसर, वर गडद अक्षरं. वाचता येत नव्हती, पण फेंडरची लांबलचक लिपी ती नव्हती. दुसऱ्या फोटोत मंडप, मागे पडदा, माथा काळा. मावशींना आठवलं. मुंबईला जाऊन एका जहाजावरच्या खलाशाकडून यजमानांनी ती घेतली, तेव्हा बाहेरच्या मालाची गिटार दुकानात मिळणं सोपं नव्हतं. नंतर ऑर्केस्ट्राच्या मालकाने गावातल्या पेंटरकडून माथा रंगवून घेतला, स्टेजवर नाव दिसावं म्हणून. घरात पुढे तेच नाव खरं झालं. मुलगा तर जन्मापासून तेच वाचत आला होता.

त्याने फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "तुम्ही किंमत काय धरता?"

मी कागद दोघांच्या मध्ये ठेवला. ही गिटार मूळ नावासकट, सगळी चालू, नीट फ्रेटची असती तर माझ्या अंदाजाने ६५ हजारांची. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरला. लोक मागतात तो भाव वेगळा आणि विकली जाते तो वेगळा, मी नेहमी दुसरा धरतो. माथा रंगवलेला, त्याचे १२ हजार कमी. जुन्या गिटारीत रंग हा मोठा घटक, अख्खं शरीर नव्याने रंगवलेलं असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते. इथे माथाच होता. सहापैकी दोन चाव्या बदललेल्या, त्याचे ४ हजार. फ्रेटचे ८ हजार. मधला पिकप मेलेला, ६ हजार. उरले ३५. त्यात मूळ पेटी, ट्रेमोलोचा, म्हणजे सूर डोलवायचा, मूळ दांडा आणि ते दोन फोटो, त्यांचे ३ हजार मी वाढवले. वस्तू कुणाकडून कुठे गेली हे दाखवणारा कागद किंवा फोटो असला की पुढच्या घेणाऱ्याचा भरवसा वाढतो. फोटोंच्या प्रती मागितल्या, मूळ त्यांच्याकडेच राहिले.

मुलगा ४५ म्हणाला. मी ३८ वर होतो. थोडा वेळ कुणीच बोललं नाही, मावशींनी शेव आणि केळीचे वेफर्स आणून ठेवले. मग मीच म्हटलं, ४० देतो. आणि पिकपचे जे ६ हजार कापलेत त्याची एक अट. तार आत कुठे तुटली असेल तर मला कॉइल नव्याने गुंडाळावी लागेल, मग ती माझ्या हातची होईल, जपानची राहणार नाही, आणि पैसे कापलेलेच बरोबर. पण तुटकी जागा टोकाला असली आणि वेढे न सोडवता पिकप जिवंत झाला, तर ते ६ हजार तुमचे. मुलाने मावशींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

रात्री दुकानात शटर अर्धं ओढून बसलो. पिकपचं झाकण काढलं. कॉइलवर हाताच्या घामाची हिरवी पुटं, पण वेढे सैल झालेले नव्हते. भिंग लावून बघितलं. बाहेरचं टोक ज्या छोट्या कड्याला सोल्डर केलेलं असतं, तिथे कड्यापासून दीड-दोन मिलिमीटरवर तार हिरवी होऊन तुटलेली होती. ही जागा नेहमीची. तिथला मूळ सोल्डर उष्णता देऊन पातळ केला. कॉइलचं मोकळं टोक सुईने अलगद उचललं. इतकी बारीक तार हातात धरून खरवडली तर तुटतेच, म्हणून तापलेल्या टोकाने तिच्यावरचं इनॅमलचं आवरण जाळलं, अर्धा वेढा सैल करून ती कड्यापर्यंत आणली. श्वास रोखून टाका दिला. मीटर लावला. ६.१. रात्री खोली ३४ अंशांवर होती, म्हणजे वीसवर ५.८. पुढच्या पिकपच्या जोडीचा.

मध्येच मोटारीचा एक शेतकरी शटरखालून वाकून विचारून गेला, झालं का. त्याची मोटार सकाळी देतो म्हटलं.

साडेनऊला फोन लावला. मुलाने उचलला. पैसे पाठवतोय म्हटल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, "थांबा, आईला देतो."

मावशींनी पैशाचं काही विचारलं नाही. "मधलं बोलाले लागनं का?" एवढंच विचारलं.

मी तारा चढवल्या, ॲम्प्लिफायर लावला, फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. स्विच मधल्या आणि पुढच्या घराच्या मध्ये अडवायला काही नव्हतं. दुकानातल्या देवाजवळची काडेपेटी घेतली, एक काडी मोडली आणि खोचली.